त्रेपन्न आकड्याच्या सायकलीबाबत माझी अखेरची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, उंची चार फूट दहा इंच, निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी सतराचे वर्गमूळ चार दशांश स्थळांपर्यंत तोंडी काढून पाहिले, ते बरोबर आले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, परंतु तो माझा स्वतःचा आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यांच्यासोबत माझे एक वाक्यही रद्द करायचे आहे. ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. माझे लग्न झालेले नाही. जवळची माणसे दोनच: माझा धाकटा सख्खा भाऊ, जो आमच्या वडिलांचे सायकलचे दुकान चालवतो, आणि त्याची एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, जी नुकतीच प्रयोगशाळेत नोकरीला लागली आहे. भावाचा उल्लेख यापुढे ‘दुकानदार’ असा करीन. शब्द विचारपूर्वक निवडला आहे.

कलम २. दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेले माझे राहते घर भाचीला मिळावे. येथील फळ्या, खुंट्या आणि ओटा माझ्या उंचीला बसवलेले आहेत. सुतार म्हणाला होता, पाहुण्यांची डोकी आपटतील. आपटू देत, असे मी त्याला सांगितले. भाची चार फूट अकरा इंच आहे. तिला एक खिळासुद्धा हलवावा लागणार नाही.

कलम ३. ज्या लाकडी स्टुलावर उभी राहून मी एकतीस वर्षे फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिले, ते स्टूल आणि मोठा लाकडी कंपास शाळेला द्यावा. शिक्षकांच्या खोलीत मला पाहून ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ असे दर आठवड्याला म्हणणाऱ्या इतिहासाच्या सरांनी त्या स्टुलावर एकदा तरी उभे राहून पाहावे. वरून सगळ्यांचे टक्कल सारखेच दिसते.

कलम ४. आता सायकल. वडील गेले तेव्हा दुकान आम्हा दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे झाले. दुकानदाराला ते संपूर्ण हवे होते, मला शाळा सोडायची नव्हती. मी हक्कसोडपत्रावर सही केली. बदल्यात एकच गोष्ट मागितली: माझ्या मापाची सायकल, जिच्यावर रोज अकरा किलोमीटरवरच्या शाळेत जाता येईल आणि सुटीत दोन्ही बाजूंना पिशव्या लावून समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंतही जाता येईल. दीपगृह येथून दोनशे चाळीस किलोमीटर आहे. शेजारच्या शिंप्याने माझी सहा मापे घेतली, मी ती कागदावर उतरवली, आणि तो कागद परगावच्या फ्रेम बांधणाऱ्या कारागिराकडे पाठवायचे ठरले.

तीन महिन्यांनी हिरवी सायकल आली. दुकानदार म्हणाला, “ताई, खास तुझ्या मापाची बनवून घेतलीय. अशी दुसरी मिळायची नाही.”

सिद्ध केल्याशिवाय काहीही मानू नका, हे मी हजारो मुलींना शिकवले. सख्ख्या भावाच्या शब्दालाही टेप लावून पाहायची असते, हे मात्र मला सुचले नाही.

शाळेपर्यंत सायकल निभावली. हाताला मुंग्या येत, त्या मी झटकून टाकत असे. दीपगृहाकडे मी तीन वेळा निघाले. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुपारी, एकशे तीस किलोमीटरच्या दगडापाशी, बोटे इतकी बधिर झाली की ब्रेक दाबता येईना. तिन्ही वेळा सायकल मालट्रकवर चढवून परत आले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मनगटांत काहीही दोष नाही, सायकल एकदा दाखवून घ्या. मला त्यांचा राग आला. सायकल माझ्या भावाने माझ्या मापाने करून घेतली आहे, असे मी त्यांना सुनावले. दोष शरीरातच आहे, असे ठरवून मी नकाशा घडी करून ठेवला. पुढे भाची बारा वर्षांची असताना तिने विचारले, “आत्या, मी जाऊ का मोठी झाल्यावर दीपगृहाला?” तेव्हा मी तिला म्हणाले, “आपल्या उंचीच्या माणसांनी लांबच्या वाटा दुसऱ्यांना सोडाव्यात.”

हे वाक्य मी या मृत्युपत्राद्वारे पूर्णतः रद्द करते.

गेल्या वर्षी रंग उडाला म्हणून मी सायकल उलटी करून खरवडायला घेतली. पायडलच्या आसाखाली, रंगाच्या दोन थरांखाली, कानशीने घासलेला आकडा निघाला. पाच पुसट होता, तीन स्पष्ट होता. त्रेपन्न, म्हणजे फ्रेमचे सेंटिमीटरमधले माप. मला चव्वेचाळीस लागते. मग, एकोणीस वर्षांनी, मी टेप घेतली. सीटची नळी चार बोटे कापलेली होती, वरची दांडी खाली आणून जोडलेली होती. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मात्र पूर्वीचेच होते. उभे माप कापले, आडवे तसेच ठेवले. शिंप्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे सदऱ्याचा घेर तोच ठेवून नुसती खालून कात्री मारली.” मी कारागिरालाही पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: तुमच्या मापांचा कागद माझ्यापर्यंत कधी आलाच नाही.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेले. दुकानदार नाकारेल असे वाटले होते. नाकारले असते तर बरे झाले असते. कारागीर चार महिने लावणार होता आणि आतल्या खोलीत एक फ्रेम पडून होती, एवढेच कारण त्याने सांगितले. मी कागद मागितला. त्याने वाकून दुकानाच्या टेबलाच्या आखूड पायाखालून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“अगं ताई, तू बुटकी,” तो म्हणाला. “सीट खाली केली की झालं काम. आणि एवढी वर्षं तुला कळलंसुद्धा नाही ना? मग बिघडलं काय?”

केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजले: कापणाऱ्यालाही आपण काही कापले असे वाटत नाही. टेबल डुगडुगू लागले होते. त्याच वेळी मला आतल्या खोलीत भिंतीला टेकवलेली एक लाल सायकल दिसली. तिची सीटची नळी नुकतीच कापलेली होती. कोणाची, असे विचारले.

“आपल्या पोरीची. नोकरी लागली ना तिला. खास तिच्या मापाची बनवून घेतलीय.”

माझ्यासमोर उभे असतानाही त्याला ते वाक्य बदलावेसे वाटले नाही.

कलम ५. माझ्या बचतीतून सर्वप्रथम भाचीच्या मापाची फ्रेम त्याच कारागिराकडून करून घ्यावी. उरलेली रक्कमही तिचीच. लाल सायकल एक तारखेला तिच्या हाती पडणार आहे. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत व फ्रेमपुरता चेक मी आजच तिला देत आहे. या बाबतीत माझ्या मरणाची वाट पाहण्याइतका वेळ नाही.

बाळ, आता नीट वाच, कारण हा विषय फार सुंदर आहे.

दुकानात पहिला प्रश्न ‘पाय पोचतात का?’ असा विचारतात. तो शेवटचा असावा. सीट खाली करून कोणाचेही पाय पोचवता येतात. आधी पाहायचे ते सीट ते हँडल हे अंतर. सीटवर बसून हँडल धर: कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे, आणि क्षणभर हात सोडले तर धड पुढे कोसळता कामा नये. कोसळले, तर तुझे वजन दिवसभर तळहातांवर राहणार. ते काय करते, हे मी तुला वेगळे सांगायला नको. मग उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकव. मध्ये दोन-तीन बोटे जागा हवी.

चाके लहान घे, सव्वीस इंची. मोठे चाक लहान फ्रेममध्ये कोंबले की वळताना बुटाचे टोक त्याला लागते. लहान चाक हळू जाते असे कोणी म्हणेल. त्याला गिअरचे दात मोजून दाखव, सगळा हिशेब तिथेच बसतो. पायडलचा दांडाही आखूड हवा, एकशे पंचावन्न मिलिमीटरच्या आसपास; लांब दांड्याने गुडघा प्रत्येक फेरीत छातीकडे येतो, आणि प्रयोगशाळेपर्यंत तशा दोन हजार फेऱ्या होतात. हँडल तुझ्या खांद्यांइतके रुंद. ब्रेकची दांडी पहिल्या दोन बोटांनी, हात न सरकवता दाबता आली पाहिजे. रोजच्यासाठी मडगार्ड आणि दिवा, लांबच्यासाठी मजबूत कॅरिअर, आणि भरल्या पिशव्यांनिशी चढ चढवेल असा एक तरी हलका गिअर. शेवटी, तीन मिनिटे बसून ‘छान आहे’ म्हणू नकोस. तासभर चालव. शरीर तिसऱ्या मिनिटाला भिडस्त असते, साठाव्याला खरे बोलते.

आणि कोणीही, अगदी कोणीही, ‘तुझ्या मापाची आहे’ असे म्हणाले, तर टेप काढ. त्यात अविश्वास नाही. माझ्यासारखी एकोणीस वर्षांनी काढावी लागली, तर असतो.

कलम ६. वडिलांची हत्यारांची पेटी, पान्यांच्या दोन्ही संचांसह, भाचीला. टेप त्याच पेटीत वरच्या कप्प्यात आहे.

कलम ७. हिरवी सायकल मी दुकानदाराला देते. त्रेपन्न हे माप पाच फूट सात इंचाच्या माणसाचे. दुकानदाराची उंची पाच फूट सात इंच आहे. म्हणजे ती पहिल्यापासून त्याच्याच मापाची होती. मी कालच सीटखाली लांब दांडा बसवून ती त्याच्या उंचीला आणून ठेवली आहे. माझे पाय आता पायडललाही पुरत नाहीत.

अट एकच. भाची नव्या सायकलीवरून दीपगृहाला निघेल तेव्हा त्याने हिरवीवरून तिच्या मागोमाग जावे. दुसऱ्या दिवशी दुपारी, एकशे तीसच्या दगडापाशी, त्याने उतरून स्वतःची बोटे उघडझाप करून पाहावीत. ती ठीक असतील. मग मुलीला तसेच करायला सांगावे. तिचीही ठीक असतील. बिघडले काय, असे माझ्या भावाने मला विचारले होते. त्याचे उत्तर मी तिथे ठेवले आहे.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि तपासला. सहा मापांचा कागद, घड्यांसह, सोबत जोडला आहे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. ती सहा मापं मीच घेतली होती, आणि ती बरोबर होती.

साक्षीदार दुसरा: (सही) डॉक्टर. लिहून देणाऱ्या बाईंना मी आज तपासले. त्यांची बुद्धी शाबूत आहे. मनगटेही.