अल क्वोजला दिलेला अनंत

बाबा, तुमचा अनंत सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहे, सिंकवरच्या खिडकीत. खरं तर दोन रोपं आहेत. एकाला सात पानं आहेत, दुसऱ्याला चार. तुम्हाला वाटेल, शेवटी पोरीने मागून आणला. मागून नाही आणला. तो माझ्याकडे कसा आला ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून चौदा वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे. आज शनिवार. इथली, अमिरातीतली, शुक्रवारची सुट्टी आता गेली, शनिवार-रविवार मिळते, हे तुम्हाला माहीत नसेल. तासाभरात मला अल क्वोजला जायला निघायचं आहे.

रुवैसच्या रिफायनरी कॉलनीतलं आपलं घर आठवतं तेव्हा मला आधी ती पांढऱ्या रंगाची बादली दिसते. मागच्या छोट्या अंगणात, एसीच्या नळीखाली ठेवलेली. नळाचं पाणी समुद्राचं, गोडं करून आणलेलं, अनंताला ते मानवत नाही, पानं पिवळी पडतात, म्हणून त्याला फक्त एसीचं पाणी, असा तुमचा नियम होता. ड्यूटीवरून आलात की बूट काढायच्या आधी तुम्ही बादली बघायला जायचा. घरात तुम्ही कमी बोलायचा, मीही तुमच्यासारखीच, त्यामुळे आपण दोघं एका खोलीत असलो की आईला टीव्ही लावावा लागायचा. पण झाडांच्या माणसांशी तुम्ही किती बोलायचा! तुमच्या कुठल्याशा मित्राची बहीण इंग्लंडला होती. तिच्याकडे तुमच्या अनंताची फांदी गेली होती. थंडीत तो खिडकीपासून किती लांब ठेवायचा, हीटरची हवा लागू नये म्हणून काय करायचं, हे तुम्ही तिला फोनवर समजावताय आणि मी प्रगतिपुस्तक घेऊन दारात उभी आहे. तुम्ही हाताने खूण करता, थांब. मी थांबते. मग जेवायची वेळ होते आणि सही सकाळी होते. गणितात वर्गात पहिली आले होते. सही करताना तुम्ही म्हणालात, "छान." फोनवरच्या त्या बाईला तुम्ही निदान वीस मिनिटं दिली होती.

त्या उन्हाळ्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. दर वर्षी शाळा सुटली की आई आणि मी पुण्याला जायचो, त्यामुळे ऑगस्टमध्ये मी रुवैसला कधी नव्हतेच. त्या वर्षी आईचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून राहिलो. रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाऊन चालू होतं, तुम्ही बारा-बारा तास बाहेर. दुपारी अनंताच्या कळ्या माना टाकून बसलेल्या मी काचेतून बघितल्या. बादलीत पाणी नव्हतं, कुणीतरी फरशी पुसायला घेतलं असावं. मी दहा वर्षांची. मला वाटलं, बाबा येतील आणि बघतील की मी झाड वाचवलं. अंगणात पडलेल्या पाइपचं तोंड कुंडीत ठेवलं, नळ सोडला आणि आत पंख्याखाली येऊन बसले. पाण्याला हात लावून बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा करण्याइतकं तापतं, लोक गीझर बंद ठेवून त्याच्याच नळाचं पाणी थंड म्हणून वापरतात, आणि उन्हात पडलेल्या पाइपात तर त्याहून गरम असतं, हे सगळं मला नंतर कळलं.

तुम्ही आलात, बादली बघितली, मग कुंडीतल्या मातीवर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "पाइपला हात लावत जाऊ नकोस." एवढंच. आवाजही चढवला नाहीत. पुढचे पंधरा दिवस झाड एकेक पान टाकत होतं आणि तुम्ही ती पानं उचलत होतात. त्यानंतर रुवैसमधल्या सगळ्या वर्षांत तुम्ही मला एकाही झाडाला पाणी घालायला सांगितलं नाहीत. मी ते वाक्य पाळलं, बाबा. अजून पाळते. माझ्या घरात पाइप नाही.

दोन वर्षांनी अनंत परत आला. तुमचा एक सहकारी अल ऐनला बदलून गेला होता, त्याला तुम्ही आधीच फांदी दिली होती. तिथली हवा कोरडी, आपल्यासारखी दमट आणि खारट नाही, तरी त्याने तो जगवला होता. त्याने एक रोप गाडीत मांडीवर धरून आणलं. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. मी तुम्हाला कुणाच्या पाठीवर थाप मारताना त्याआधी बघितलं नव्हतं. रात्री आईला म्हणालात, "दिलं होतं म्हणून आलं. ठेवलं असतं तर संपलं असतं." मी पलंगावर जागी होते. मला त्या वाक्यातलं शहाणपण कळलं नाही. एवढंच कळलं की संपवलं ते मी.

पुढे मी पुण्याला शिकले, लॅबचा कोर्स केला, लग्न होऊन इकडेच परत आले, अल नहदाला चौदाव्या मजल्यावर. तुमच्या नोकरीची शेवटची वर्षं होती. तुम्ही महिन्यातून एका शुक्रवारी रुवैसहून चार तास गाडी चालवत यायचा. मी पहाटे उठून पुरण वाटायचे. तुम्ही येऊन दोन तास बसायचा, नातीला मांडीवर घ्यायचा आणि मग घड्याळ बघून म्हणायचा, "अल क्वोजला जाऊन येतो." तिथे गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत, हिरव्या जाळीखाली, तुमची झाडांची मंडळी जमायची. गॅरेज रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांचं, आणि झाडं त्यांच्या बायकोची. तिथे तुम्ही संध्याकाळपर्यंत. परत येताना तुमच्या नखांत माती असायची आणि चेहरा मोकळा असायचा. मी पोळ्या गरम करून द्यायचे. "तिकडे खाल्लं," तुम्ही म्हणायचा.

निवृत्त होऊन पुण्याला जाताना तुम्ही अनंताची मोठी कुंडी त्या गॅरेजवाल्यांच्या बायकोला दिलीत. मला म्हणालात, "तुझ्या बाल्कनीत दुपारचं ऊन येतं." ते खरं होतं. माझी बाल्कनी पश्चिमेला आहे, जूनमध्ये तिथे कपड्याचे चिमटेसुद्धा वितळून वाकतात. पण बाबा, मला स्वयंपाकघराची खिडकी पण होती. उत्तरेची. तुम्ही बघितली नाहीत आणि मी दाखवली नाही. दीड वर्षात तुम्ही गेलात. मी विमानाने पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आणि दहाव्याला अल क्वोजहून आईला आलेला फोन मीच उचलला. ती बाई इतकी रडत होती की मला तिची समजूत घालावी लागली.

त्यानंतर तिच्याशी संबंध ठेवला नाही. गेल्या हिवाळ्यात लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला झाडांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. फोनवर सत्तर-ऐंशी माणसं, शारजा, मस्कत, कोची, रत्नागिरी, इंग्लंडमधलीही काही. कुणी लिहितं, आमच्याकडे बर्फ पडतोय, जास्वंद बेडरूममध्ये घेतली. कुणी लिहितं, आमच्याकडे सात दिवस पाऊस थांबत नाही, मुळं कुजली. ग्रुपचा मेळावा होता, पत्ता अल क्वोजचा, आणि मी उठून गेले. जाळी तीच, खाली वीसेक माणसं प्लास्टिकच्या पिशव्यांतून फांद्यांची देवाणघेवाण करत होती. त्या बाईने मला लगेच ओळखलं. "अगो बाय! भावांची मुलगी ना तू? नाक बघ, तेच नाक!" तुम्हाला ती भाऊ म्हणायची, हे मला तेव्हा कळलं. तिने माझा हात धरून मला तुमच्या अनंतापुढे नेलं. माझ्या खांद्याला लागेल एवढा झालाय. शेजारच्या ऑफिसच्या एसीच्या दोन नळ्या त्याच्या बादलीत सोडलेल्या, बादली पांढरीच. फुलं होती. मला वास घ्यावासा वाटला नाही, पण तो येतोच.

नवीन आलेल्या एका जोडप्याने विचारलं, पाणी कधी घालायचं. ती म्हणाली, "थांबा, पहिला धडा. भाऊ प्रत्येक नव्या माणसाला आधी हेच सांगायचे, म्हणून मी पण सांगते. पाइपचं पाणी आधी हातावर घ्या. त्यांच्या पोरीने दुपारी पाइप लावला नि झाड उकडून गेलं."

सगळे हसले. माझे कान तापले.

"हसू नका हां," ती म्हणाली. "भाऊ काय म्हणायचे? चूक पोरीची नव्हती, माझी. दहा वर्षांची पोर, बापाचं झाड वाचवायला गेली. तिला पाणी कसलं तापतं ते मी सांगितलंच नव्हतं, आणि वर तिलाच बोललो. हे बोलताना त्यांचा गळा भरायचा. दर वेळी!" मग माझ्याकडे वळून, डोळे मिचकावून, "ती तूच ना ग?"

"हो, मीच," मी म्हटलं आणि मीही हसले.

बाबा, किती जणांना सांगितलंत? दर महिन्याला, कितीतरी वर्षं, जो नवा येईल त्याला. मस्कतवाल्याला माहीत आहे, कोचीवाल्याला माहीत आहे, त्या दिवशी आलेल्या जोडप्यालाही कळलं की माझी चूक नव्हती. मी तीस-पस्तीस वर्षं नळाला हात लावून बघते आहे. तुम्ही त्या दोन तासांत माझ्यासमोर बसून पुरणपोळी खात होतात, आणि माझी माफी पुढे अल क्वोजला जाऊन मागत होतात. तिने तुमचा भरलेला गळा ऐकला. मी नाही ऐकला.

"फांदी घेऊन जा ना," ती म्हणाली. "तुझ्याच बापाचं झाड."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. तिच्या हातून मला नको होतं.

"आहे? माशाल्ला! मग तर सोनंच," ती म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. ती आत गेल्यावर मी झाडाच्या मागच्या बाजूने तीन कोवळे शेंडे नखाने खुडले, ओल्या टिश्यूत गुंडाळले आणि पर्समध्ये, एमिरेट्स आयडीच्या कप्प्यात घातले. आल्याचा चहा प्यायले, चांगला होता. तिने गाडीपर्यंत सोडायला येऊन मला जवळ घेतलं, तेव्हा मी पर्स दुसऱ्या बाजूला धरली.

घरी एसीची नळी बाल्कनीतून आत वळवून बरणीत सोडली. मुलगी म्हणाली, "ममा, व्हाय आर यू हायडिंग अ प्लांट?" मी म्हटलं, लपवत नाही, ऊन लागतं. एक शेंडा काळा पडला. दोघांना सहा आठवड्यांनी पांढरी मुळं फुटली. त्या सकाळी मी लॅबला उशिरा गेले.

मग या ऑगस्टमध्ये ती अल क्वोजची बाई लेकीच्या लग्नाला गावी गेली असताना गॅरेजशेजारच्या ऑफिसचा एसी बंद पडला. नळ्या सुकल्या, बादली सुकली, कुणाच्या लक्षात आलं नाही. ती परत आली तेव्हा झाडाचा खराटा झाला होता. तिने ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, भावांचं झाड खलास. माझ्याकडून नेलेली फांदी कुणाची जगली असेल तर सांगा. एकेकाची उत्तरं येत गेली. मस्कतचं मागच्या वर्षीच गेलं. इंग्लंडचं थंडीत गेलं. अल ऐनचे ते गृहस्थ आता नाहीत, घर कुणी घेतलं माहीत नाही. मी सगळं वाचत होते. खरं सांगते, फोटो बघून मला आधी बरं वाटलं. आता दोघींपैकी कुणाकडेच तुमचं ते झाड नाही, असं मनात आलं. मग खिडकीकडे लक्ष गेलं.

तेवढ्यात त्या नव्या जोडप्यातल्या बाईने लिहिलं, भावांच्या मुलीकडे आहे ना, ती म्हणाली होती. आणि लगेच अल क्वोजच्या बाईचा व्हॉइस मेसेज, रडका आणि हसरा: "अरे हो की! तिच्याकडे आहे! मग काय काळजी. भाऊ सांगायचेच, दिलेलं परत येतं."

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी लिहिलं, आहे, शनिवारी आणते.

तर आज निघाले आहे. हे शेंडे तिच्याच झाडाचे होते हे मी तिला सांगणार नाही, निदान आज नाही. तिने एकदा माझे आभार मानावेत असं मला वाटतं. आणि चहा झाल्यावर तिला म्हणणार आहे, ती पाइपची गोष्ट पुन्हा सांगा, बाबा म्हणायचे तशी, शब्दाला शब्द. ती सांगेल. तिला आवडतं सांगायला.

रोप लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, कापलेल्या बाटलीत घालून, खाली ओला कागद लावून, दाराशी ठेवलं आहे. चार पानांचं. सात पानांचं मी ठेवलं.