झाकणावरचं आमसूल

आई, तुला कॉम्प्युटर शेवटपर्यंत पटला नाही. मी क्लासला जायला लागले तेव्हा तू विचारलंस, "त्यात काय भात शिजता?" शिजत नाही गं. पण गेल्या महिन्यात त्यावरून आपल्या घरात जो राडा झाला, त्यात मला तुझाच ओटा आठवला, म्हणून लिहायला बसलेय. तुझ्या नातीने आणि माझ्या सुनेने, म्हणजे नणंद-भावजयीने, मिळून धंदा काढलाय. वरळीच्या ऑफिसातल्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या दोघींनी. पडद्यावर हलणारी चित्रं बनवतात. शेजारच्या गल्लीतल्या मंडळाने गणपतीच्या देखाव्यासाठी चलचित्र सांगितलंय, पहिलंच काम. त्यासाठी एक दणकट मशीन जोडायचं होतं, आणि जोडणार कोण, तर मी. आयुष्यभर लोकांची मशीनं जोडली, आता घरचं.

तिथेच माशी शिंकली. लेक म्हणे, दोन प्रोसेसरचं घेऊ. कुठल्याशा कचेरीतून निघालेला जुना बोर्ड, त्यावर दोन वेगळ्या चिप्स, प्रत्येकीची आपापली मेमरी. "दोन मेंदू, मम्मी! डबल काम!" सून म्हणे, नको, एकच नवी चिप घेऊ, तिच्या पोटातच सगळे कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, असतात. पूर्वी दोनच असायचे म्हणून ड्युअल-कोअर म्हणायचे. आता ढीगभर असतात, मांडीला मांडी लावून काम करतात. "तो जुना बोर्ड दिवसभर घोंघावणार, तापणार. बंद पडला तर सुटा भाग कुठून आणायचा, ताई?" शब्दाने शब्द वाढला. लेक म्हणाली, "तुला सगळं सेफच हवं असतं, वहिनी." सून म्हणाली, "मग करा एकट्याने." झालं! मंडळाचा माणूस फोनवर फोन करतोय आणि ह्या दोघी मला मध्ये घालून बोलतायत. माझी जाम सटकली. पण खरं सांगू, भीतीही वाटली. नोकऱ्या गेल्या, पहिलं काम अजून सुरूही नाही, आणि उद्या एकाच घरात ह्या एकमेकींचं तोंड बघणार नाहीत.

तेव्हा तुझी खाणावळ डोळ्यांसमोर आली. परळच्या चाळीतली आपली खोली, गिरणीतले गाववाले पंगतीला बसलेत, तू वाढतेयस. गॅलरीपलीकडच्या खोलीत तुझी भागीदारीण काकी, तिचा स्टोव्ह वेगळा, मीठ-मसाला वेगळा. आपल्याकडे भात चढलाय म्हणून तू कालवणाचा टोप उचलून तिच्याकडे उकळायला नेतेस. त्या दिवशी बांगड्याच्या कालवणात तू मीठ घातलं होतंस. काकीला वाटलं राहिलंय, तिनेही घातलं. पहिला घास घेऊन एक गाववाला म्हणाला, "वैनी, आज दर्योच वाढलात काय?" मग तू काकीवर, काकी तुझ्यावर, गॅलरीभर तमाशा. मला वाटलं, संपली खाणावळ. पण दुसऱ्या सकाळी तू काकीचा स्टोव्ह उचलून आणलास आणि आपल्या ओट्यावर ठेवलास. मागोमाग काकीही आली, पदर खोचून. दोन स्टोव्ह शेजारी शेजारी, मिठाची बरणी एक. आणि तू नेम घातलास, जी मीठ घालेल तिने झाकणावर आमसूल ठेवायचं. मी ते चोखायला उचललं, तर पाठीत असा धपाटा बसला! "ता खाऊक नाय ठेवलंय गो, ता सांगूक ठेवलंय!"

हे सगळं मी दोघींना समोर बसवून सांगितलं. म्हटलं, दोन चिप्स म्हणजे दोन खोल्या. ताकद भरपूर, खोटं नाही, मोठ्या कामांना लागतेही. पण एकीला दुसरीकडचं काही हवं असलं की टोप घेऊन गॅलरी ओलांडा. तुमचं काम एवढंसं, आपला हॉल एवढासा, एक ओटा पुरे. लेक फुरंगटून बसली, पण हो म्हणाली. एक चिप आणली, मेमरी सढळ हाताने घातली, आणि मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं.

पण ओटा एक झाला म्हणून मीठ एकदाच पडतं थोडंच? काही दिवसांतच सुनेने दुपारी बाप्पाचा रंग उजळ केला, आणि संध्याकाळी लेकीने तीच फाइल उघडून, न विचारता, पुन्हा उजळ केला. बाप्पा नुसता ट्यूबलाइट! मी पोळी लाटता लाटता थांबले. आता पेटणार. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या, आणि लेक फिस्सकन हसली. "वहिनी, दर्यो झाला गं!" सूनही हसायला लागली, मग थांबेचना. दुसऱ्या दिवशी बघते तर टेबलावर बशीत एक आमसूल. जिच्या हातात फाइल, तिच्यासमोर बशी. मंडळाला परवा अर्धं चलचित्र दाखवलं, पसंत पडलं. आणखी एका मंडळाने विचारलंय. चालेल गं पोरींचं, मला वाटतंय चालेल.

हे पत्र टाकू कुठे, तो पत्ता तू ठेवला नाहीस. राहू दे डाळीच्या डब्यामागे. एक मात्र त्या दोघींनाही सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरात आता मी एकटीच असते, पोरी इकडे फिरकत नाहीत. तरी कालवणात मीठ घातलं की मी झाकणावर आमसूल ठेवते, रोज. तू मागून आलीस तर तुला कळायला नको?