उजवी कूस

प्रिय आई,

मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. कंबर दुखायची थांबली म्हणून योगवर्ग सोडला, तसं नाही. कंबर दुखतेच आहे. वर्ग सासूबाईंनी बंद केला. शाळेआधी घरी अक्षरं गिरवून घेताना तूच सांगायचीस, चुकलेलं पुसू नकोस, रेघ मारून शेजारी बरोबर लिही. म्हणून हे. फोनवर रेघ मारता येत नाही.

बिबवेवाडीतल्या त्या वर्गात आम्ही आठ गरोदर बायका. सुरुचीताई हात-गुडघे टेकवून मांजरासारखी पाठ वर-खाली करायला लावायच्या आणि शेवटी गुडघ्यांमध्ये उशी देऊन डाव्या कुशीवर निजवायच्या. पहिल्या दिवशी कंबर इतकी हलकी झाली की मला रडू आलं. घरी येऊन हौसेनं तसं निजून दाखवलं, तिथेच चुकलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, डावी कूस मुलीची! कूस उजवते म्हणतात, डावते म्हणतात का कुणी? आणि मांजरच व्हायचं असेल तर फरशी पूस, घर तरी स्वच्छ होईल. तेजस हसला. मग रात्री निजताना मला म्हणाला, माझ्या आईसाठी कूसच तर बदलायचीय.

डोहाळजेवणाचंही मी अर्धंच कळवलं. झाकलेल्या दोन वाट्यांतली मी उघडली तिच्यात पेढा निघाला, मुलगा होणार म्हणून टाळ्या वाजल्या, हे खरं. पण आवरताना मी दुसरी वाटी उघडली. बर्फी नव्हतीच. तिच्यातही पेढाच. तो मी खाऊन टाकला.

हेही गिळलं असतं. पण परवा सासूबाईंचा फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी मेथी निवडत होते. तू म्हणालीस, काळजी नको विहीणबाई, इकडे आली की उजवीकडेच निजवते, मीही तशीच निजायचे. आई, नऊ महिने तू उजवीकडे निजलीस, आणि मी झाले. तेव्हा तुला किती वाईट वाटलं असेल, हे मला परवा कळलं.

रविवारी तू मला बाळंतपणाला न्यायला येणार आहेस. येऊ नकोस. उजवीकडेच वळायचं असेल तर दोन्ही घरं सारखीच, आणि इथून वर्ग निदान चालत जाण्याइतका जवळ आहे. वर्गाला पुन्हा जाणार हे घरात आधी सांगणार नाही, धीर सुटेल. चप्पल घालतानाच सांगेन: मंगळवारी, अठरा नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
उजव्या कुशीची पूर्वा