तेरा मार्चला पडलेला पूल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी तो पूर्ण धरावा). तुझा वरचा रक्तदाब एकशे पंचेचाळीस झाल्याचे कळले. चाळीस वर्षे वॉर्डातल्या लोकांना मिठावरून दम दिलास, आता एकदा आरशासमोर उभी राहून स्वतःलाही दे. आम्ही सर्व ठणठणीत आहोत. घरात सध्या माझ्याशी कोणी बोलत नाही, पण त्याने कोणाची तब्येत बिघडल्याचे दिसत नाही.

ही तुला रोज फोन करते आणि त्या वेळी स्वयंपाकघराचे दार लोटून घेते, म्हणजे विषय मीच असतो. तेव्हा एकाच बाजूचे ऐकून तू मत बनवण्याआधी खरी हकीकत कागदावर गेलेली बरी. आपल्या बबडीचे (वय अठ्ठावीस, तरी बबडीच) लग्न ठरले आहे हे तुला माहीत आहे. मुलगा पुलांचा इंजिनीअर आहे. जुने पूल हातोडीने ठोकून, कान लावून, ते अजून किती वर्षे उभे राहतील ते सांगतो. माझ्याकडे तो बऱ्याचदा त्याच नजरेने बघतो. स्वभावाने शांत, चहा घेतल्यावर कप स्वतः उचलून ठेवणारा. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार तारखांविषयी आहे, आणि तारखांविषयी बोलण्याचा अधिकार या घरात एकट्या मला आहे.

गेली बावीस वर्षे आमच्या दैनिकात ‘दिनविशेष’ मी लिहितो. दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय एक ओळ छापलेली नाही, आणि इतक्या वर्षांत एकदाही दुरुस्ती द्यावी लागलेली नाही (संपादकांना तीनदा द्यावी लागली, पण तो विषय वेगळा). बबडीच्या खोलीतले माझे लाकडी कपाट तू पाहिले आहेस. सुताराने आधी तीनशे पासष्टच कप्पे केले होते, मग एकोणतीस फेब्रुवारीचा कप्पा खाली वेगळा ठोकून दिला. तो कप्पा अजून पायाला लागतो. तर मुद्दा असा की, लोकांना तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा चौकोन वाटतो. मला त्या चौकोनातले बुडालेले, जळालेले आणि पदच्युत झालेले सगळे दिसतात.

हॉलवाल्याने चार तारखा मोकळ्या दिल्या. गेल्या रविवारी मुलाचे आईवडील ठरवायला आले. मी कार्डे काढूनच बसलो होतो. एकवीस जानेवारी? त्या दिवशी एका राजाचे भर चौकात डोके उडवले. तोही बिचारा कोणाचा तरी जावईच होता. पंधरा एप्रिल? कधीही बुडणार नाही म्हणून ख्याती असलेली बोट नेमकी त्याच पहाटे बुडाली. त्यावर मुलाचे वडील म्हणाले की त्याच तारखेला त्या गूढ हसणाऱ्या बाईचे चित्र काढणारा जन्मलाही होता. (माणूस वाचणारा दिसतो. जपून राहायला हवे.) मी म्हणालो, चित्रकार जन्मला तेव्हा त्याच्या आईला बोटीचे माहीत नव्हते, आपल्याला माहीत आहे. सहा मेला हवेत उडणारे प्रचंड जहाज पेटले. बबडी म्हणाली, त्याच दिवशी एक जण चार मिनिटांच्या आत एक मैल धावलाही होता. धावला असेल, पण लग्नात पाहुण्यांनी धावावे अशी वेळ का आणायची?

वातावरण जरा जड झाले, म्हणून मी मुलाच्या आईला त्यांचा वाढदिवस विचारला. हेतू शुद्ध होता. सत्तावीस ऑगस्ट म्हणाल्या. आता त्या दिवशी ज्वालामुखीने अख्खे बेट उडवले आणि त्याचा आवाज तीन हजार मैलांवर ऐकू गेला, यात माझा काय दोष? मुलाचे वडील खूप हसले. ते जरा कमी हसले असते तर पुढचे सोपे गेले असते.

राहिली तेरा मार्च. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ही चहा टाकायला उठली. तेव्हा मला नाइलाजाने सांगावे लागले की त्या तारखेला एक मोठा पूल कोसळला होता. मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. “कोणता पूल, काका?” मी म्हणालो, दगडी. “किती कमानींचा?” सात, म्हणालो. “नदी कोणती?” मी म्हणालो, पूल पडल्यावर नदीला काय विचारायचे. त्याने मान डोलावली आणि पुढे एक अक्षर विचारले नाही. थोड्या वेळाने मंडळी उठली. चहा तसाच राहिला.

त्यानंतर बबडी शांतपणे जे बोलली ते जसेच्या तसे देतो. “बाबा, येत्या रविवारपर्यंत एक तारीख सांगा. नाहीतर आम्ही दोघं रजिस्ट्रारकडे जाऊन सह्या करून येऊ. मित्र आहेत साक्षीला. तुम्ही पुढच्या वर्षी छापा तुमच्या दिनविशेषात.” तिने आदळआपट केली असती तर मी समजूत काढली असती. पण ती शांत होती, आणि शांत झाल्यावर ती दिल्या शब्दाला जागते. हा गुण तुझ्याकडून आला आहे.

तरीही मी डगमगलेलो नाही. आज शुक्रवार आहे. तू मोठी आहेस, तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. तेव्हा तिला एवढेच सांग की बाप हट्टी नाही, अभ्यासू आहे, आणि एखादी स्वच्छ तारीख सापडेपर्यंत वर्षभर थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बाकी मजकूर विशेष नाही. मीठ कमी कर.

तुझा धाकटा आणि तूर्त एकाकी भाऊ

ता. क. पाकीट चिकटवायचे राहिले होते ते बरे झाले. आज शनिवार. सकाळी बबडी कपाटापाशी आली, मार्चचा खण ओढला आणि पुलाचे कार्ड काढून वाचत उभी राहिली. त्या कपाटातली निम्मी कार्डे ती दहा वर्षांची असल्यापासून तिनेच लिहिली आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोन पुस्तकांची नावे असतात. या कार्डावर नव्हती, आणि शाईही ताजी होती. तेरा मार्चच्या कप्प्यात खरे कार्ड एकच आहे. दुर्बिणीतून बघताना एकाला नवा ग्रह सापडला, बस. पूल कुठलाही पडला नाही, ताई. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी एक घटना स्वतःच्या हाताने घडवली. ती म्हणाली, “तेरा मार्चच धरू या, बाबा. एवढा मोठा पूल पडून गेलाय, आता पडायला काही राहिलं नाही.” आणि कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात ठेवून चहा करायला गेली.

मागाहून हिच्याकडून कळले की मुलाला तो पूल त्या रविवारी बसल्या जागीच खोटा वाटला होता. घरी जाऊन त्याने शोधले, बबडीला सांगितले, आणि त्याच्या आईवडिलांसमोर माझा पाणउतारा करायचा नाही असे तिच्याकडून कबूल करून घेतले. मुलगा फार चांगला आहे. ते मी पहिल्या दिवशीच ओळखले होते, म्हणून तर पूल पाडावा लागला.

ता. क. दुसरे. तेव्हा वर जे तिला सांगायला सांगितले आहे, ते सांगू नकोस. लग्न तेरा मार्चला, सकाळी अकरा वाजता. त्याला तू येशीलच, ते कळवायला एवढे कागद खर्ची घातले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी आम्ही दोघेच बसू. ही तसे बोलून दाखवत नाही, पण तिनेही ते मनात धरले आहे, कारण परवा तिने उगाचच बबडीच्या खोलीचे पडदे दोनदा धुतले. खोली तुझ्यासाठी तयार ठेवतो. लग्नाला ये म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. लग्न झाल्यावर लगेच जाऊ नकोस, एवढ्यासाठी लिहिले आहे.