‘तेर्ना’वरचे अठरा पिवळे फॉर्म

११ जून. ऑलेसुंड बंदर, दुपारी ४

चढलो. जहाजाचं नाव ‘तेर्ना’. बारा प्रवासी, पाच कर्मचारी. मूळची बचावनौका, आता रंगरंगोटी करून पर्यटकांच्या गळ्यात मारलेली. इथून ट्रॉम्सो, तिथून पुढे थेट स्वालबार्ड. तिकिटं म्हणजे सहकाऱ्यांची भेट. मे महिन्यात आमच्या फ्योर्डच्या खाडीवर पूल झाला, फेरीबोट बंद झाली आणि एकतीस वर्षं तिची कप्तानी केलेल्या माणसाला त्यांनी केक खायला घालून घरी पाठवलं. भेटकार्डावर लिहिलंय, अर्नफिन, फ्योर्डच्या बाहेर काय आहे ते एकदा बघून ये. बाहेर काय आहे ते मला माहीत आहे. पाणी आहे.

कॅप्टन बाई आहे. इल्वा. वय चौतीस. पहिल्याच भेटीत म्हणाली, ये अर्नफिन, बॅग तिकडे टाक. आमच्या देशात अहो-जाहो फक्त राजाला, हे मान्य. पण माणसाला आवाजात तरी आदर ठेवता येतो.

पूल झाल्यापासून मला कुणी स्किपर म्हटलेलं नाही. अडतीस वर्षं संसार केलेल्या बोर्गहिल्डनेही नाही. ती हल्ली म्हणते, अर्नफिन, पाय उचल, व्हॅक्यूम फिरवायचाय. तेव्हा निश्चय असा: आर्क्टिक वर्तुळ ओलांडायच्या आत मी या जहाजाच्या सुकाणूघरात उभा असेन. मात्र मी विचारणार नाही. स्किपर विचारत नसतो. त्याला बोलावणं येतं.

सोबत चढताना बोर्गहिल्डने वचन घेतलं की ट्रिप संपेपर्यंत कुणाला सल्ला द्यायचा नाही. दिलं.

संध्याकाळी ७. मागचा दोर चुकीचा गुंडाळला होता. सांगितलं. सल्ला नव्हे, माहिती.

१२ जून. हुस्टाडविका

फिश सूपमध्ये क्रीम फार. त्यामुळे पोटात ढवळतंय. समुद्राचा काही संबंध नाही. एकतीस वर्षांत मला एकदाही बोट लागलेली नाही. (आमच्या फ्योर्डमध्ये लाटा नसतात, ही गोष्ट वेगळी.)

आचारी ब्यार्ते बर्गनचा, म्हणजे तोंडाला झाकण नाही. बादली आणून देताना विचारतो, काय रे, तुझी ती फेरीबोट दोन्ही टोकांना सारखीच होती ना? म्हणजे तुला ती कधी वळवावीच लागली नाही? पलीकडे पोचलास की नुसती खुर्ची फिरवायची आणि परत निघायचं? माझं तोंड बादलीत होतं.

बोर्गहिल्ड दोन वाट्या सूप प्यायली आणि डेकवर जाऊन लाटा बघत बसली. कॅप्टनने माझ्यासाठी कोरडी बिस्किटं पाठवली. मुद्दाम. सगळ्यांसमोर.

दुपारी ५. महत्त्वाचा शोध. जेवणघराच्या दारामागे पिवळ्या फॉर्मांचा गठ्ठा लटकवलाय. काय चुकलं, कारण काय, उपाय काय, असे तीन रकाने. आमच्या बोटीवरही होते, पण तिथे काही चुकत नसे, म्हणून मी ते कपाटात ठेवले होते. नियम असा की फॉर्म कुणीही भरावा आणि प्रत्येक फॉर्मला उत्तर मिळालंच पाहिजे. माणसाचं नाव घ्यायचं नाही, दोष पद्धतीला द्यायचा. उत्तम. फॉर्म क्र. १: क्रीम.

१३ जून. समुद्रात

फॉर्म रोज नाश्त्यानंतर मोठ्याने वाचतात. टेबल एकच, त्यामुळे प्रवाशांसमोरच. ब्यार्ते म्हणाला, सूप सोळा जण प्यायले आणि सोळाही ठणठणीत आहेत, सतरावा तेवढा स्किपर निघाला. सगळे हसले. पण स्किपर हा शब्द उच्चारला गेला. प्रगती आहे.

आज पाच फॉर्म. दोर. कॉफीचं तापमान. डेकवर शिट्टी वाजवणारा प्रवासी (प्रेबेन, ऑस्लोचा दंतवैद्य. दात काढणाऱ्याला समुद्रात काय काम?). नकाशावर ठेवलेला कप. आणि ‘उंच बांध्याच्या, केस वर बांधलेल्या एका जबाबदार व्यक्तीचं’ वळण घेतानाचं दुर्लक्ष. नाव घेतलेलं नाही.

बोर्गहिल्ड म्हणाली, वचन दिलं होतंस ना रे? तिला समजावलं की सल्ला तोंडाने देतात. हा कागद आहे.

१४ जून. टॉर्गहाटेन

डोंगराला आरपार भोक आहे. सगळे फोटो काढत होते. मी सुकाणूघराच्या शिडीखाली उभा होतो. जुनी टोपी घालून, सहज, दोन तास चाळीस मिनिटं. कॅप्टन एकदा खाली आली. मला वाटलं, आलं बोलावणं. म्हणाली, अर्नफिन, जरा सरक, तू आगीच्या नळाच्या पुढ्यात उभा आहेस. बाईला माझ्यासमोर बोलताना शब्द सुचत नाहीत, हे उघड आहे.

टेबलावर माझी जागा बदलली. आता अगदी टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. मानाची जागा टोकालाच असते.

सायंकाळी. संतापजनक. बोर्गहिल्ड तासभर दिसेना. सुकाणूघरात होती! कशी गेलीस विचारलं, तर म्हणे, शिडी चढले आणि विचारलं, येऊ का वर. ती म्हणाली, ये की. बस. इतकंच. म्हणे इल्वा फार गोड आहे, रडारवर पावसाची सर कशी दिसते ते दाखवलं. म्हटलं, एकतीस वर्षं माझ्या बोटीवर रडार होतं, तेव्हा नाही तुला सर बघावीशी वाटली. ती म्हणाली, तू कधी वर ये म्हणालास?

विषय बदलला. आज चार फॉर्म. एकूण दहा.

१५ जून. आर्क्टिक वर्तुळ, सकाळी ११

सकाळी सहालाच दाढी केली. टोपी ब्रश केली. दहा वाजता केबिनमध्ये बसून राहिलो, म्हणजे बोलवायला येणाऱ्याला शोधाशोध नको. दहा वाजून बारा मिनिटं झाली. भोंगा वाजला. बाहेर आलो. वर काचेआड सुकाणू धरून कोण उभं? बोर्गहिल्ड. स्वतः विणलेल्या निळ्या स्वेटरमध्ये. गालांना लाली. इतकी खूश मी तिला आमच्या लग्नात पाहिली होती, तेही जेवणं आटोपल्यावर.

मग डेकवर वर्तुळ ओलांडल्याचा नेहमीचा तमाशा. एकेकाच्या मानेत बर्फाचे खडे आणि तोंडात चमचाभर कॉड माशाचं तेल. ब्यार्तेने माझ्या मानेत डावभर बर्फ ओतला, बाकीच्यांना दोन-दोन खडे. प्रेबेनने टाळ्या वाजवल्या.

मला वाईट वाटलं. लिहून टाकतो. फार वाईट वाटलं. बर्फामुळे नव्हे.

फॉर्म क्र. ११. काय चुकलं: १०.०५ ते १०.४० जहाजाचं सुकाणू अपात्र व्यक्तीच्या हाती. कारण: शिस्तीचा अभाव. उपाय: वैध कागदपत्रं असल्याशिवाय कुणालाही सुकाणूला हात लावू देऊ नये. नाव घेतलेलं नाही. ‘निळा स्वेटर’ एवढंच लिहिलंय.

१६ जून. वेस्टफ्योर्ड

विजय!

कॅप्टनने क्र. ११ वाचला. निळा स्वेटर एकच आहे आणि तो माझ्या शेजारी बसून पावावर तपकिरी चीज ठेवत होता. बोर्गहिल्डने माझ्याकडे बघितलं नाही. कॅप्टन म्हणाली, फॉर्म बरोबर आहे, चूक माझी, आजपासून वैध कागद दाखवल्याशिवाय कुणीही सुकाणू धरणार नाही. वहीत लिहिलं, सही केली.

अकरापैकी पहिला मंजूर. आणि या अख्ख्या जहाजावर कर्मचारी सोडले तर कप्तानीचा कागद कुणाकडे आहे? प्लास्टिकच्या पाकिटात, माझ्या बॅगेत.

बोर्गहिल्ड दिवसभर बोलली नाही. तिला दाटून आलं असणार. नवऱ्याचं म्हणणं सगळ्यांसमोर मान्य होणं ही रोजची गोष्ट नाही.

१७ जून. राफ्टसुंड, दुपारी ४

घडलं ते क्रमाने लिहितो. अडीचला कॅप्टनचा निरोप आला, अर्नफिन, वर ये.

बोलावणं. मी विचारलं नव्हतं.

टोपी घालून, पाकीट घेऊन गेलो. पुढे राफ्टसुंडची अरुंद वाट, दोन्हीकडे डोंगर. जहाजाची वही टेबलावर उघडी होती. तिच्यात १७ जून, तीन वाजता, सुकाणू: स्किपर अर्नफिन. शाई वाळून जुनी झालेली. कॅप्टन म्हणाली, बोर्गहिल्ड पहिल्यांदा वर आली तेव्हाच तिने हे मागितलं होतं. म्हणाली होती, नवऱ्याला सांगू नकोस, तो कधी विचारणार नाही. म्हणून मी वाटेतला सगळ्यात सुंदर तुकडा तुझ्यासाठी राखून ठेवला होता. पण आता तुझा फॉर्म मंजूर आहे, तेव्हा कागद दाखव.

दाखवला. तिने उलटून बघितला. म्हणाली, कप्तानीचा ठीक आहे, पण सोबतचा आरोग्य दाखला मे महिन्यात संपलाय. मी म्हटलं, एका महिन्याने काय फरक पडतो? ती म्हणाली, परवापर्यंत काहीच पडला नसता.

खाली आलो. राफ्टसुंड डाव्या-उजव्या बाजूने निघून गेलं. मी बघितलं नाही. शिडीच्या पायऱ्या निसरड्या आहेत. फॉर्म क्र. १२.

१८ जून. समुद्रात

बोर्गहिल्ड काल बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपली. माझ्या घोरण्यामुळे. अडतीस वर्षांनी कळलं.

मी तिला म्हटलं, मला आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, तुला एकदा तरी काहीतरी भेट म्हणून मिळावं असं वाटलं रे मला. आणि गेली ब्यार्तेबरोबर वॅफल करायला.

सगळं कटकारस्थान कॅप्टनचं आहे. आज सहा फॉर्म भरले. त्यातला अठरावा निर्णायक. काय चुकलं: एका अनुभवी स्किपरचा अपमान. कारण: हेवा. उपाय: (१) ट्रॉम्सोच्या आत लेखी माफी, किंवा (२) सदर स्किपर ट्रॉम्सोला जहाज सोडेल.

आता धावपळ उडेल. स्वालबार्डच्या बर्फात जायचंय आणि जहाजावरचा सर्वात अनुभवी माणूस उतरतो म्हणतोय. माफीचा मसुदा मीच करून ठेवला आहे, त्यांचा वेळ वाचावा म्हणून.

१९ जून. ट्रॉम्सो, सकाळी ९

क्र. १८ वाचला गेला. कॅप्टन म्हणाली, दोन उपाय सुचवलेत, त्यातला दुसरा सोपा आहे. हरकत कुणाची? कुणाची नव्हती. ब्यार्ते म्हणाला, बॅग मी उचलू का? प्रेबेन म्हणाला, मी आधी हात वर केला होता. चला, शेवटी का होईना, लोकांना माझ्यासाठी काही करावंसं वाटलं.

केबिनमध्ये बॅग भरलेली होती. फक्त माझी. वर कागदात गुंडाळलेले पावाचे चार तुकडे, तपकिरी चीज लावून. मी बोर्गहिल्डला म्हटलं, तुझी कुठे आहे? ती म्हणाली, मी एकतीस वर्षं खिडकीतून तुझी बोट बघितली. बावीस मिनिटं तिकडे, बावीस मिनिटं इकडे. आता मला अशा बोटीत बसायचंय जी पुढे जाते. म्हटलं, मी उतरल्यावर तू एकटी पडशील. ती म्हणाली, बघू.

धक्क्यावर उभा राहिलो. ‘तेर्ना’ला बंदरात जागेवर वळायचं होतं. ते वळण मी चुका काढायच्या इराद्याने पूर्ण बघितलं. चूक नव्हती. कुणीतरी डेकवरून हात हलवत होतं. निळा स्वेटर असावा, पण मी दुसरीकडे बघत होतो.

विमान दुपारी.

२३ जून. घर

ईमेल आलं. अठरा फॉर्मांची उत्तरं, स्कॅन करून, नियमाप्रमाणे. सतरांवर ‘प्रकरण बंद’. अठराव्यात कारणाच्या रकान्यात माझं ‘हेवा’ खोडून दुसरं काही लिहिलंय. खाली कॅप्टनची सही, पण अक्षर कॅप्टनचं नाही. ते अक्षर मी अडतीस वर्षं फ्रिजवरच्या याद्यांमध्ये वाचतो आहे. कारण: त्याला विचारता येत नाही.

अपूर्ण उत्तर. काय विचारता येत नाही, कुणाला, कुठल्या वेळी, काही नमूद नाही. असा फॉर्म मी परत पाठवला असता.

घरात फार शांत आहे. व्हॅक्यूम मीच फिरवला. पाय उचलायला कुणी नव्हतं.

दुपारी ३. मोबाइलवर बोर्गहिल्डला लिहिलं, शनिवारी परत येशील तेव्हा विमानतळावर घ्यायला येतो. पुसलं. घ्यायला येईन. पुसलं. मग लिहिलं, घ्यायला येऊ का? पाठवलं. प्रश्नचिन्हासकट.

दुपारी ४. उत्तर आलं. ब्यार्तेला स्वयंपाकघरात मदत लागतेय, म्हणून ती पुढच्या फेरीलाही थांबतेय. आणि बहुधा त्याच्या पुढच्याही. कुंड्यांना पाणी घाल, असं लिहिलंय.

तिकडे उत्तरेला नेटवर्कची बोंब असते. माझा प्रश्न तिला पोचलाच नसावा. उद्या पुन्हा विचारीन.