बाबांना दाखवलेले दिवे

गुरुवार रात्र, फुनाबोरी, टोकियो

पाय दुखताहेत, पण झोप येत नाही. पुण्याहून आलेल्या बाबांना सलग तीन रात्री टोकियो फिरवलं. नदीतली बोट, गजबजलेला चौक, आज उंच मनोरा. सगळीकडे ते माझी बाही धरून चालत होते. मला वाटलं, गर्दीला बिचकतात.

आज वर काचेपाशी विचारलं, "कसं दिसतंय शहर?"

म्हणाले, "खरं सांगू? वर्षभर रात्रीचं नीट दिसतच नाही. दिवे नुसते पसरतात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू इतक्या हौसेनं दाखवत होतीस."

तीन रात्री बाही धरली होती, तरी मला कसं कळलं नाही?

उद्याची रात्रीच्या शहरदर्शनाची बस रद्द केली. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. एरवी डॉक्टरांचं नाव काढलं की चिडणारे बाबा लगेच "बरं" म्हणाले. वर्षभर एकटेच किती घाबरले असतील.