बापूच्या आईचा इसार

॥ श्री ॥

धुळे
२२ एप्रिल १९९१

चि. अभिमन यास बेबाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मनीऑर्डर परत पाठवता येणार नाही, हे आज आमच्या पोस्टमास्तरांनी स्वतः सांगितलं. एकदा सही करून पैसे घेतले की ते घेणाऱ्याचे झाले, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझे कसे, देणारा कोण तेच मला ठाऊक नाही. ते म्हणाले, बाई, लोक इथे पैसे आले नाहीत म्हणून भांडायला येतात, आले म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

नीट सांगते. आपली पिठाची गिरणी विकायची म्हणून दिलेल्या जाहिरातीवर टपालाने ज्या बोल्या आल्या, त्यांत सगळ्यांत वरच्या दोन सारख्याच निघाल्या, साडेआठ हजारांच्या. एक चुडामणची, दुसरी हिलालची. दोघेही पाचोऱ्याजवळच्या खेड्यांतले. तू दोघांनाही पत्र टाकलंस, की पाचशे एकचा इसार ज्याचा आधी येईल त्याची गिरणी. तेव्हा मलाही ते पटलं होतं. शनिवारी इसार आला. पोस्टमननं नोटा मोजून दिल्या आणि कूपन हातात ठेवलं. त्यावर लिहिलंय, गिरणीचा इसार, पाठवणार बापूची आई, पाचोरा. बस, एवढंच. ही बापूची आई चुडामणची बायको की हिलालची, हे मी कुणाला विचारू?

इसार घेतला म्हणजे शब्द दिला. आता गिरणी दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, आणि ज्याला दिली त्याचा पत्ता नाही. तिकडे तुझ्या दाजींनी सुरतेत खोली धरून ठेवलीय. पंधरा मेपर्यंत बिऱ्हाड आणलं नाही तर खोलीवाला दुसरा भाडेकरू घालणार आहे. दोन वर्षं ते तिकडे लूमवर आणि डब्यावर, मी इकडे पिठात. आता आणखी निभत नाही रे.

जागाही पंधरालाच सोडते म्हणून सांगितल्यापासून जागेचे मालक निंबाशेठ रोज दारात येऊन उभे राहतात. त्यांना गिरणी जावयासाठी हवी आहे, पाच हजारात. काल म्हणाले, पैसे आले आणि माणूस आला नाही, मग पैसे ठेवा आणि गिरणी मला द्या, देव देतोय तर नको कशाला म्हणता. मी म्हटलं, देवाला पाचोऱ्याच्या पोस्टातून पाठवायची काय गरज होती.

काय करू ते लगेच कळव. पत्राची वाट बघायला लावलीस तर उन्हाळ्याचे पापड मिळणार नाहीत, एवढी माया मात्र गृहीत धर.

तुझी
बेबाअक्का

॥ श्री ॥

जळगाव
२५ एप्रिल १९९१

ती. अक्कास अभिमनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र कचेरीत मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या लीलाधरला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, तुझ्या बहिणीला सांग, नको असतील तर मी बापूची आई व्हायला तयार आहे.

चेष्टा राहू दे. ते पैसे खर्चू नकोस आणि गिरणीच्या गल्ल्यातही मिसळू नकोस. वेगळ्या पुडीत बांधून ठेव. कूपनवर शिक्का कुठला आणि तारीख काय, हे कुणालाही सांगू नकोस, निंबाशेठला तर नाहीच. ज्यानं पाठवले त्याला ते माहीत असणार. त्याच्याजवळ पोस्टाची पावती असेल, आणि तुझ्या सहीची पोचही त्याच्याकडेच गेली असेल. ती दाखवील तोच खरा धनी, बाकी कितीही गोड बोलू देत.

मी आजच दोघांनाही कार्डं टाकली. लिहिलं की तुमच्या घरून गिरणीच्या इसाराची मनीऑर्डर कोणी केली असल्यास पावती घेऊन धुळ्यास यावे. मजकूर सारखाच, म्हणजे कुणाला झुकतं माप नाही. आठवड्यात उलगडा होईल.

सुरतेचं मनावर घेऊ नकोस. दाजींना मी वेगळं पत्र घातलंय. डब्याची चव बिघडली म्हणून त्यांनी मलाच शिव्या घातल्यात, तेव्हा तब्येत उत्तम दिसते.

माझ्यावर राग असेल तर तो पापडांवर निघू देऊ नये, एवढी विनंती.

तुझा
अभिमन

॥ श्री ॥

धुळे
२ मे १९९१

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चुडामण काल येऊन गेला. एकटा नाही, टेम्पो घेऊनच आला. आल्याआल्या म्हणाला, पैसा मन्हाच शे, गिरणी उचलू का. मी त्याला पाणी दिलं आणि पावती मागितली. तर म्हणे बायकोनं मनीऑर्डर केली, पावती तिच्याकडे, आणि ती माहेरी गेलीय. मनीऑर्डर कोणत्या दिवशी केली म्हटलं, तर म्हणाला गुढीपाडव्याच्या पुढेमागे. कोणत्या पोस्टातून, तर म्हणाला, पोस्टातून म्हणजे पोस्टातूनच, आणखी कुठून. मग खिशातून रेशनकार्ड काढलं आणि त्यावर मुलाचं नाव दाखवलं, बापू. मी सांगितलं, भाऊ, खानदेशात घर तिथे एक बापू आहे. यावर तो इतका हसला की मला क्षणभर वाटलं, माणूस खराच असेल.

तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. बायको खरंच माहेरी असेल. पण पावतीशिवाय मी गिरणी दिली नाही. टेम्पोचं भाडं फुकट गेलं म्हणून जाताना बडबडत गेला. निंबाशेठ ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. टेम्पो वळल्यावर म्हणाले, आलेलं गिऱ्हाईक हाकललंत, आता पंधरा तारखेला माझ्याकडेच याल, तेव्हा पाच हजारही मिळायचे नाहीत.

हिलालकडून एक अक्षर नाही. सांडगे-कुरडयांच्या दळणाला दिवसभर रांग असते, वीज दुपारची जाते, आणि बायका विचारतात, अक्का, पुढच्या आठवड्यात चालू आहे ना गिरणी. मी हो म्हणते. नाही म्हणावं तर कमाई बंद, हो म्हणावं तर जायचं कधी. पट्ट्याच्या आवाजात एक बरं असतं, कुणाचं काही ऐकू येत नाही.

तुझ्या मायेची मोजदाद मी ठेवत नाही, तूही माझ्या तक्रारींची ठेवू नकोस.

तुझी
बेबाअक्का

॥ श्री ॥

जळगाव
६ मे १९९१

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी दोन दिवस विचार केला. हिलाल गप्प आहे, याचा अर्थ इसार त्याचा नाही. असता तर धावत आला असता. पाचशे एक रुपये कोण सोडतं? तेव्हा चुडामणला बोलाव, दोन माणसांसमोर लिहून घे आणि गिरणी देऊन टाक. पंधरा तारीख जवळ येत चालली. उद्या खोली गेली तर दाजी तुला काही बोलणार नाहीत, ते गिळून बसतील, आणि ते तुला जास्त लागेल.

पापड पोचले. लीलाधरने अर्धे पळवले. रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा
अभिमन

॥ श्री ॥

पाचोऱ्याजवळून
८ मे १९९१

सौ. बेबाबाई यांस कमलबाईचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. हिलाल माझे मालक. बापूची आई म्हणजे माझ्या सासूबाई, भागाबाई. मालकांना घरात बापू म्हणतात. मनीऑर्डर सासूबाईंनी केली. त्या सांगतात, मी लिहिते.

गिरणी आम्हा दोघींना हवी होती. गावात गिरणी नाही, बायका दळण डोक्यावर घेऊन पाचोऱ्याला जातात. आमच्या गोठ्याची भिंत रस्त्याला लागून आहे आणि विजेचा खांब समोरच आहे. घरात येणारा पैसा मालकांच्या हातात असतो, वाईट माणूस नाही, पण मिठाला पैसे मागितले तरी कशाला म्हणून विचारतात. बोली मी लिहिली, मालकांच्या नावाने, कारण बायकांच्या बोलीला कोण विचारतो असं सासूबाई म्हणाल्या. मालकांना काही सांगितलं नव्हतं. इसाराचं तुमच्याकडचं पहिलं पत्र पाकिटात होतं, ते माझ्याच हाती पडलं. इसार पाठवायला त्या एकट्याच गेल्या. खिडकीवरच्या बाबूनं पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. घरधन्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलेलं नाही आणि स्वतःचं कुणी विचारत नाही. त्या म्हणाल्या बापूची आई. त्यानं हसून तेच लिहिलं. पोच घरी नको, मीच येऊन नेईन, असंही सांगून आल्या आणि नेलीही.

जळगावचं कार्ड आलं तेव्हा आम्ही शेतात होतो. आमचा पोस्टमन कार्डं पारावर मोठ्यानं वाचून देतो, कारण निम्म्या गावाला वाचता येत नाही. तुमच्या घरून कोणी मनीऑर्डर केली, हे बठ्ठ्या गावाने, लहानथोर सगळ्यांनी, मालकांच्या आधी ऐकलं. लोक त्यांना गिरणीवाला म्हणून हाका मारू लागले. त्या दिवसापासून ते आमच्याशी बोलत नाहीत आणि आम्हाला पाचोऱ्याला जाऊ देत नाहीत. त्यांनी पावती मागितली, तर सासूबाई म्हणाल्या उंदराने खाल्ली. तेव्हा बोली आपल्या नावाची आहे म्हणून ते सोमवारी धुळ्याला येऊन इसार परत मागणार आहेत. पैसे त्यांना देऊ नका. पावती आणि पोच दोन्ही सासूबाईंच्या लुगड्याच्या गाठीत आहेत.

बाकीचे पैसे चाळीसगावला मामांकडे तयार आहेत, सासूबाईंची सोन्याची पोत मोडून ठेवलेले. मंगळवारी मामांकडे हळद आहे. तेवढ्याला सोडतील असं वाटतं. तिथून धुळ्याच्या गाडीने येऊ. सोडलं नाही तर येता येणार नाही. मग तुम्ही गिरणी कुणालाही द्या, आम्ही नाव ठेवणार नाही. पाचशे एक मात्र सांभाळा.

आमच्या पत्त्यावर उत्तर पाठवू नका. हे पत्र शाळेतल्या बाईंच्या हाती देते आहे. न पाहिलेल्या माणसाचा जेवढा विश्वास धरता येतो तेवढा आमचा धरावा.

आपली
कमलबाई

॥ श्री ॥

धुळे
१२ मे १९९१

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून हे जळगावच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. सोबतचं पत्र आधी वाच आणि मग हे वाच.

तुझं उघडं कार्ड काय करून बसलं ते कळलं ना? पाकीट घातलं असतंस तर जास्तीचे पैसे लागले असते, एवढंच. पण तुला एकट्याला काय बोलू. मी तरी कुठे शहाणी. लग्न झाल्यापासून मीही यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही, तरी पोस्टाच्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईची अडचण मला सुचली नाही. आपण दोघं लहान बापू शोधत बसलो आणि चुडामणच्या रेशनकार्डावर हसलो.

दोन दिवस माझं डोकं चालत नव्हतं. उत्तर पाठवायची सोय नाही. त्यांना या म्हणता येत नाही, येऊ नका म्हणता येत नाही. मंगळवारी गाडीतून त्या उतरतील की नाही, हे मला मंगळवारीच कळणार. आणि बुधवारी पंधरा तारीख. काल चुडामणचा निरोप आला, की पूर्ण साडेआठ हजार रोख देतो, इसाराचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं. तुझ्या दाजींचं कार्ड आलं, त्यात खोलीचा शब्दही नाही, फक्त तिकडे ऊन फार आहे असं लिहिलंय. तू म्हणालास तसंच झालं. ते वाचून मला चुडामणला हो म्हणावंसं वाटलं, खोटं सांगत नाही. पदर खोचून निरोप्याच्या मागे दारापर्यंत गेलेही होते.

तिथे निंबाशेठ उभे होते. त्यांनी विचारलं, ठरलं का काही. माझ्या तोंडून गेलं, गिरणी विकली. कुणाला म्हणाले, तर मी म्हटलं, भागाबाईंना. कोण भागाबाई, कुठल्या, कुणाच्या, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, गिरणीच्या मालकीणबाई. ते म्हणाले, बुधवारी जागा रिकामी नसेल तर आतला माल माझा. मी हो म्हणून आले. आता मलाच मागे फिरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर बोलून गेल्यावरच मला जरा श्वास घेता आला.

हिलाल उद्या येईल. त्याला मी चहा देईन, पावती मागीन, आणि पावती नाही म्हटल्यावर जे चुडामणला सांगितलं तेच सांगीन. तो ओरडेल. पारावर त्याची झालेली शोभा तुझ्या कार्डामुळे झाली, तेव्हा ओरडणं ऐकून घ्यायचं काम आपलंच आहे.

उद्या सकाळी आठला सुकदेव फिटरला बोलावलंय. तो पट्टा काढील, मोटर सोडील आणि वरचा दगड उतरवील. एकदा दगड उतरला की दळण बंद, ही जागा आणि हा धंदा दोन्ही संपले, मंगळवारची गाडी कुणालाही घेऊन येवो. आज संध्याकाळी आलेल्या बायकांना मी सांगून टाकलं, उद्यापासून दळण दुसरीकडे न्या.

या वेळी लोभाचं काही लिहीत नाही. जमलं तर मंगळवारी पहिल्या बसने इकडे ये. गिरणी टेम्पोत चढवायला हात लागतील, नाहीतर निंबाशेठसमोर उभं राहायला कुणीतरी लागेल.

तुझी
बेबाअक्का